रंध्राच्या तोंडाशी अडलेले पाणी

पाणी झटकणाऱ्या सच्छिद्र पटलावर पाणी आणि टोल्युइन यांचे मिश्रण सोडले, की टोल्युइन झिरपून पलीकडे जाते आणि पाणी अलीकडेच राहते. पटलाची रंध्रे पाण्याच्या रेणूपेक्षा शेकडो, कधी हजारो पटींनी मोठी असतात. त्यामुळे पाणी मावत नाही म्हणून अडते, असे इथे घडत नाही. पटलाच्या पदार्थाला भिजवणे पाण्याला परवडत नाही, म्हणून ते रंध्राच्या तोंडाशी थांबते. एरवीच्या गाळणीत निवड आकारावर होते. इथे ती पृष्ठभागावर होते. औषधांच्या कारखान्यातली द्रावके वेगळी करणे, सांडलेले तेल पाण्यातून काढणे, अणुइंधनाच्या कचऱ्यातून घातक मूलद्रव्ये खेचून घेणे आणि खाऱ्या सांडपाण्यातून शुद्ध पाणी मिळवणे ही वरवर वेगळी दिसणारी कामे याच तत्त्वावर चालतात.

औषधांच्या कारखान्यांचेच पाहा. चंदीगडच्या दक्षिण वेशीवरचे झिरकपूर हे पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातले शहर. तिथून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गावर डेराबस्सी आणि लालडू हा औषधी रसायनांच्या कारखान्यांचा पट्टा लागतो. पिंजोरच्या बाजूने गेले, तर हिमाचल प्रदेशातले बद्दी हे गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या उद्योगांचे मोठे केंद्र येते. गोळी बनवणे हा औषधनिर्मितीचा शेवटचा टप्पा असतो. त्याआधी औषधाचा मूळ सक्रिय घटक, म्हणजे कारखान्यातल्या बोलीत ‘एपीआय’, तयार व्हावा लागतो. या रासायनिक प्रवासात पाणी आणि सेंद्रिय द्रावक एकत्र घुसळून पुन्हा वेगळे करण्याची वेळ अनेकदा येते. अशा पट्ट्यात या पटलांचा विषय पुस्तकी राहत नाही.

थेंब पसरतो की गोळा होतो?

अळूच्या पानावर पडलेले पाणी पसरत नाही. त्याचे मोत्यासारखे थेंब होतात आणि पान कलले की घरंगळून जातात. पानावर मेणाचा थर असतो आणि त्याखाली सूक्ष्म उंचवटे असतात. थेंब या उंचवट्यांच्या टोकांवर टेकतो आणि मधल्या फटींत हवा अडकून राहते. कमळाच्या पानावरही हेच घडते. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट आणि क्रिस्टोफ नाइनहुइस यांनी १९९७ मध्ये या रचनेचा आणि पानाच्या स्वच्छतेचा संबंध उलगडून दाखवला.

पदार्थ पाण्याला किती दूर ठेवतो, हे स्पर्शकोनावरून मोजतात. थेंबाची कड पृष्ठभागाला जिथे टेकते, तिथे द्रवाच्या आतून मोजलेला हा कोन. थॉमस यंग यांनी १८०५ मध्ये त्याचा विचार मांडला. कोन ९० अंशांपेक्षा कमी असेल तर पृष्ठभाग पाणीप्रिय, जास्त असेल तर पाणी झटकणारा आणि १५० अंशांपलीकडे गेला तर अतिजलविरोधी मानतात. स्वच्छ काचेवर हा कोन फार लहान असतो. टेफ्लॉन या व्यापारी नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीटीएफईवर तो सुमारे ११० अंश भरतो.

याचे कारण पृष्ठताणात आहे. खोलीच्या तापमानाला पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. टोल्युइनचा सुमारे २८, इथाइल अॅसिटेटचा २४, अल्कोहोलचा २२ आणि हेक्झेनचा १८ असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात, त्यामुळे टेफ्लॉनसारख्या उदासीन पदार्थावर पसरण्यापेक्षा ते आपसांत गोळा होणे पसंत करतात. सेंद्रिय द्रावकांची आपसांतली ओढ कमी असते; ती टेफ्लॉनवर सहज पसरतात आणि त्याच्या रंध्रांत आपणहून शिरतात.

पाणी झटकणाऱ्या रंध्रात पाणी घुसवायचे असेल, तर बाहेरून दाब द्यावा लागतो. पाण्याचा पृष्ठताण जितका जास्त आणि रंध्र जितके बारीक, तितका हा दाब मोठा. टेफ्लॉनचे पटल कोरडे आणि रंध्राचा व्यास ०.२ मायक्रोमीटर असेल, तर हिशेबाने पाण्याला आत शिरायला जवळपास पाच वातावरणांइतका दाब लागतो. प्रत्यक्षात तो कमी भरतो, कारण सगळी रंध्रे सारखी आणि गोल नसतात. पटलाची खरी मर्यादा त्यातले सर्वांत मोठे रंध्र ठरवते: हजारो रंध्रे नीट असली तरी एक मोठे निघाले की तिथून पाणी वाट काढते.

पटल कशाचे बनते?

या कामासाठी प्रामुख्याने तीन पदार्थ वापरले जातात. पहिला पीटीएफई. रॉय प्लंकेट यांना तो ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँट कंपनीच्या न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत अनपेक्षितपणे सापडला. तो बहुतेक सर्व द्रावके आणि आम्ले सहन करतो, पण नेहमीच्या प्लॅस्टिकसारखा वितळवून ओतता येत नाही. बॉब गोर यांनी १९६९ मध्ये तापवलेला पीटीएफई एकदम झटक्याने ताणून पाहिला, तेव्हा तो तुटला नाही. त्यात सूक्ष्म गाठी आणि त्यांना जोडणाऱ्या तंतूंचे जाळे तयार झाले. पाऊस अडवणारी पण घामाची वाफ बाहेर सोडणारी जाकिटे याच ताणलेल्या पीटीएफईची. द्रव वेगळे करणाऱ्या पटलांतही तो वापरतात.

दुसरा पदार्थ पीव्हीडीएफ. तो काही द्रावकांत विरघळतो. ते द्रावण पातळ थरात पसरून पाण्यात बुडवले, की द्रावक बाहेर पडते आणि मागे सच्छिद्र पटल उरते. तिसरा, आणि स्वस्त, पॉलिप्रॉपिलीन. त्याचे केसासारखे बारीक पोकळ तंतू बनवता येतात. असे हजारो तंतू एका नळकांड्यात बसवले, की थोड्या जागेत प्रचंड पृष्ठभाग मिळतो.

थरांची वाट पाहणे

एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव वेगळे करायचे म्हटले, की कॉलेजच्या प्रयोगशाळेत सेपरेटिंग फनेल आणि कारखान्यात स्थिरावण्याची टाकी वापरतात. अभिक्रिया संपली की त्यात पाणी आणि द्रावक घालून ढवळतात, मग ढवळणी थांबवून थर सुटण्याची वाट पाहतात. खालचा थर सोडताना ऑपरेटर काचेच्या झरोक्यात (साइट ग्लासमध्ये) दोन थरांमधली रेघ शोधत असतो.

वाट किती पाहावी लागेल, हे थेंबाच्या आकारावर अवलंबून असते. पाण्यातला इथाइल अॅसिटेटचा १०० मायक्रोमीटरचा थेंब हिशेबाने तासाला सुमारे दोन मीटर वर चढतो. तोच थेंब १० मायक्रोमीटरचा असेल, तर त्याला तासात दोन सेंटिमीटर चढणेही जड जाते. व्यास दहापट घटला की वेग शंभरपट घटतो. मिश्रणात प्रथिने किंवा साबणासारखे पदार्थ असले, तर थेंब एकमेकांत मिळतही नाहीत आणि दोन थरांच्या मध्ये गढूळ पट्टा राहतो. कारखान्यात त्याला ‘रॅग लेयर’ म्हणतात. त्यात माल अडकतो आणि वेळही जातो.

या वेळेची किंमत पेनिसिलिनच्या निर्मितीत फार पूर्वीच कळली होती. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यामुळे हे औषध भारतात बनू लागले; त्याच्या उभारणीला जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. पेनिसिलिन बुरशीच्या रसातून काढण्याची रूढ पद्धत अशी: गाळलेला रस थंड करायचा, आम्ल घालून त्याचा सामू २ ते २.५ पर्यंत खाली आणायचा आणि ब्युटाइल किंवा अमाइल अॅसिटेटमध्ये पेनिसिलिन खेचून घ्यायचे. पण आम्लात पेनिसिलिन झपाट्याने नासते, आणि रसातल्या प्रथिनांमुळे थर लवकर सुटत नाहीत. म्हणून या उद्योगाने १९४०च्या दशकापासून पॉडबिल्नियाक यंत्रासारखी, गरगर फिरवून थर वेगळे करणारी यंत्रे स्वीकारली. ती काम चोख करतात, पण महाग, अवजड आणि फिरत्या भागांची असतात.

पाणी झटकणारे पटल थर सुटण्याची वाट पाहत नाही. थेंब बारीक असो की मोठा, द्रावक पटलाला टेकले की रंध्रांत ओढले जाते. इथे दोन द्रवांच्या घनतेचाही प्रश्न उरत नाही. टोल्युइन पाण्यापेक्षा हलके आणि डायक्लोरोमिथेन पाण्यापेक्षा जड आहे, तरी दोन्ही सारखीच पार होतात.

मात्र दाबाची शिस्त पाळावी लागते. दाब फार कमी असेल तर सगळे द्रावक पलीकडे जात नाही आणि थोडे पाण्याबरोबर वाहून जाते. फार जास्त झाला तर द्रावकामागोमाग पाणीही रंध्रांत घुसते. या दोन मर्यादांमधले अंतर कोणते द्रावक आहे त्यावर ठरते. पटल द्रावकाने पूर्ण भिजलेले असताना पाण्याला रोखणारा दाब त्या दोन द्रवांच्या सीमेवरच्या ताणातून येतो. पाणी आणि टोल्युइन यांच्या सीमेवर हा ताण मीटरला सुमारे ३६ मिलिन्यूटन, इथाइल अॅसिटेटशी सुमारे ७ आणि ब्युटेनॉलशी दोनहूनही कमी असतो. त्यामुळे एक मायक्रोमीटरच्या रंध्रात टोल्युइन असताना पाणी हिशेबाने सुमारे १.४ वातावरण दाबापर्यंत अडते, इथाइल अॅसिटेट असताना सुमारे पाव वातावरणापर्यंत, आणि ब्युटेनॉल असताना त्याहीपेक्षा कितीतरी कमी दाबाला पलीकडे जाते. म्हणून ताण कमी असलेल्या जोडीसाठी बारीक रंध्रांचे पटल निवडावे लागते. मग प्रवाह मंदावतो आणि पटलाचे क्षेत्रफळ वाढवावे लागते.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत क्लाव्स येन्सेन यांच्या गटाने या शतकाच्या पहिल्या दशकात अशी लहान विभाजक यंत्रे बनवली. पुढे आंद्रेआ अदामो यांनी त्यात दाबाचे नियंत्रण आतच बसवले: एक लवचिक पडदा पटलाच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक ठरलेल्या मर्यादेत आपोआप ठेवतो. त्यामुळे पुढच्या नळीत अडथळा आला तरी विभाजन बिघडत नाही. या संशोधकांनी २०१६ मध्ये फ्रिजएवढ्या यंत्रातून डायफेनहायड्रामिन, लिडोकेन, डायझेपाम आणि फ्लुओक्सेटिन ही चार औषधे सलग प्रवाहात तयार करून दाखवली. मोठ्या भांड्यात घाण्यामागून घाणा काढण्याऐवजी नळीतून अखंड वाहणाऱ्या प्रवाहात औषध बनवायचे, तर वाटेत थर सुटण्यासाठी थांबता येत नाही. ही अडचण पटलाने दूर केली.

पाण्यावरचे तेल

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. चित्रामधून सुमारे ८०० टन तेल समुद्रात सांडले आणि मुंबई-रायगडच्या किनाऱ्यापर्यंत, तिवरांपर्यंत पोचले. अशा गळतीत तेल तितकेच उचलून पाणी मागे ठेवण्याची साधने कमी पडतात, म्हणून गेल्या दोन दशकांत पाणी झटकणाऱ्या जाळ्या आणि स्पंज यांवर जगभर संशोधन झाले. चीनमधल्या लेई जियांग यांच्या गटाने २००४ मध्ये स्टीलच्या जाळीवर टेफ्लॉनचा लेप देऊन दाखवला: तिच्यावर पाण्याचा स्पर्शकोन १५० अंशांहून जास्त, तर डिझेलचा थेंब टेकताच पसरून आरपार जातो.

प्रयोगशाळेबाहेर मात्र एक साधी अडचण येते. बहुतेक तेले पाण्यापेक्षा हलकी असतात. जाळी खाली धरून वरून मिश्रण ओतले, तर जड पाणी आधी जाळीवर जाऊन बसते आणि तेलाची वाट अडवते. शिवाय कच्च्या तेलातले डांबरी घटक जाळीला चिकटून ती बुजवतात. म्हणून तेल जास्त आणि पाणी थोडे असेल, जसे इंधनातले पाणी काढताना असते, तिथे पाणी झटकणारे पटल चांगले चालते. पाणी जास्त आणि तेल थोडे असेल, तिथे उलट स्वभावाचे, पाणी धरून ठेवणारे आणि तेलाला दूर ठेवणारे पटल अनेकदा सरस ठरते.

तुर्भ्याचे पोकळ तंतू

काही ठिकाणी एक द्रव पटलातून पार करायचा नसतो. दोन द्रवांना न मिसळता एकमेकांसमोर धरून ठेवायचे असते. पॉलिप्रॉपिलीनच्या पोकळ तंतूंच्या रंध्रांत सेंद्रिय द्रव भरून ठेवला, की आतून आणि बाहेरून वाहणारी दोन जलीय द्रावणे त्या पातळ सेंद्रिय थराने वेगळी राहतात. हवा असलेला पदार्थ एका बाजूने त्या थरात शिरतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो. ना थेंब बनतात, ना थर सुटण्याची वाट पाहावी लागते.

मुंबईत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात व्ही. के. मनचंदा, पी. के. मोहपात्रा, एस. ए. अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले. वापरलेल्या अणुइंधनावर प्रक्रिया झाल्यावर उरणाऱ्या तीव्र किरणोत्सारी द्रवात अमेरिशियमसारखी दीर्घकाळ टिकणारी मूलद्रव्ये असतात. टोडगा नावाचे संयुग ही मूलद्रव्ये तीव्र नायट्रिक आम्लातून पकडते आणि अगदी सौम्य आम्ल मिळाले की सोडून देते. टोडगा घातलेले द्रावक तंतूंच्या रंध्रांत बसवून, एका बाजूने कचऱ्याचे द्रावण आणि दुसऱ्या बाजूने सौम्य आम्ल फिरवले, की पकडणे आणि सोडणे एकाच उपकरणात होते. टाकीभर महाग द्रावकाऐवजी रंध्रांत मावेल इतकेच पुरते, आणि किरणोत्साराने नासणारे द्रावकही तितकेच कमी राहते. हळूहळू रंध्रांतला सेंद्रिय द्रव झिजून बाहेर पडणे ही या पद्धतीची दुखरी बाजू आहे.

पूर्ण मिसळलेले द्रव

अल्कोहोल आणि पाणी एकमेकांत पूर्ण मिसळतात. तिथे वेगळे करायला थेंबच नसतात. अशा वेळी रंध्र नसलेले, सलग पण पाणी झटकणारे पटल वापरतात, बहुधा सिलिकॉन रबराचे. पटलाच्या एका बाजूला द्रव आणि दुसऱ्या बाजूला निर्वात असतो. पाणी न आवडणारे घटक पटलात आधी विरघळतात, त्यातून सरकतात आणि पलीकडे वाफ होऊन निघतात. पी. ए. कोबर यांनी १९१७ मध्ये या क्रियेला पर्व्हेपोरेशन हे नाव दिले.

मुंबईच्या माटुंग्यातील यूडीसीटी, म्हणजे आजची रसायन तंत्रज्ञान संस्था, या विषयाचे भारतातले एक महत्त्वाचे केंद्र ठरली. तिथे प्रा. वि. गो. पांगारकर, प्रा. ज्येष्ठराज जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात बेंझिन आणि सायक्लोहेक्झेन यांसारख्या, उकळबिंदू जवळजवळ सारखे असल्याने ऊर्ध्वपातनाला दाद न देणाऱ्या मिश्रणांसाठी पटले तयार केली. कोणता द्रव कोणत्या पॉलिमरमध्ये जास्त विरघळेल, हे आधी हिशेबाने ठरवून मग पटलाचा पदार्थ निवडायचा, असा त्यांचा मार्ग होता.

पाण्यात अंशमात्र असलेले टोल्युइन किंवा बेंझिन काढायला सिलिकॉन रबराचे पटल फार उपयोगी पडते. अल्कोहोलच्या बाबतीत त्याची निवड तितकी तीक्ष्ण नसते. साखर कारखान्यांच्या आसवनीत मळीच्या आंबवणातून अल्कोहोल काढायला ऊर्ध्वपातनच चालते. ऊर्ध्वपातन वजनाने सुमारे ९५.६ टक्के अल्कोहोलवर अडते; तिथून उरलेले पाणी काढायला पटल वापरले, तर ते पाणीप्रिय असते, पाणी झटकणारे नव्हे.

पाण्यात मीठ असेल तर पुन्हा रंध्रांचे पटल घेतात, पण रंध्रांत हवा राहू देतात. एका बाजूला ६० अंशांचे खारे पाणी आणि दुसऱ्या बाजूला २० अंशांचे गोडे पाणी असेल, तर गरम बाजूचा बाष्पदाब थंड बाजूच्या आठपटीहून जास्त असतो. खारे पाणी रंध्राच्या तोंडाशी अडते. फक्त वाफ पलीकडे जाते आणि तिथे पाणी होते. मीठ वाफेबरोबर जात नाही. पटल-ऊर्ध्वपातनाच्या या कल्पनेची पेटंट आणि पहिले लेख १९६०च्या दशकातले आहेत. यात खारेपणा वाढला तरी आरओसारखा, म्हणजे उलट परासरणासारखा, दाब वाढवावा लागत नाही, पण उष्णता भरपूर लागते: ती परत वापरली नाही, तर एक घनमीटर पाण्यासाठी सुमारे ६५० किलोवॅट-तास. समुद्राच्या पाण्याचा आधुनिक आरओ प्रकल्प तीन-चार किलोवॅट-तास विजेत तितके पाणी देतो. म्हणून पटल-ऊर्ध्वपातन आरओच्या जागी नव्हे, तर आरओ थकतो त्यापुढे आणि वाया जाणारी उष्णता हाताशी असेल तिथे शोभते.

भिजलेले पटल

रंध्रांच्या पटलावरच्या या पद्धती मुख्यतः एकाच कारणाने फसतात: पटल पाण्याने भिजते. साबण, तेलाचा अंश किंवा द्रावक पाण्यात आले की पृष्ठताण घसरतो. पाण्यात वजनाने २० टक्के अल्कोहोल मिसळले, तर तो ७२ वरून सुमारे ३८ वर येतो, आणि आजवर अडलेला द्रव रंध्रांत शिरू लागतो. रंध्रांत मिठाचे स्फटिक धरले, तरी पाण्याला वाट मिळते. एकदा भिजलेले पटल सोडवून, धुऊन, पूर्ण वाळवल्याशिवाय पुन्हा काम देत नाही.

झिरकपूरच्या परिसरात याचा अर्थ व्यवहारात दिसतो. शहरातून जाणारा सुखना चो हा ओढा पुढे घग्गर नदीला मिळतो, आणि घग्गर प्रदूषित नद्यांमध्ये मोडते. औषधी रसायनांच्या कारखान्यांतल्या ‘हाय टीडीएस’, म्हणजे विरघळलेले क्षार जास्त असलेल्या, सांडपाण्यासाठी रूढ साखळी अशी असते: आधी स्ट्रिपरमध्ये द्रावक उडवायचे, मग एमईई, म्हणजे बहुटप्पी बाष्पकात पाणी आटवायचे, आणि शेवटी घट्ट राळ वाळवून घन कचरा करायचा. पटल-ऊर्ध्वपातन बाष्पकाच्या जागी बसू शकते, पण स्ट्रिपरनंतरच. द्रावक मागे राहिले तर पटल भिजेल. द्रावक वेगळे करणारे पटल मात्र साखळीच्या अगदी सुरुवातीला, अभिक्रियेच्या भांड्यालगत बसते. तिथेच द्रावक नीट सुटले, तर सांडपाण्यात कमी उतरते.

पदार्थाचा प्रश्नही उभा आहे. टेफ्लॉन बनवताना पूर्वी वापरले जाणारे पीएफओए हे न विघटणारे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत आले. जानेवारी २०२३ मध्ये पाच युरोपीय देशांनी पीएफओए ज्यात मोडते त्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या संपूर्ण गटावर, त्यांत पीटीएफई आणि पीव्हीडीएफही धरून, निर्बंध आणण्याचा प्रस्ताव मांडला. पॉलिप्रॉपिलीन आणि सिलिकॉन यांत फ्लोरिन नाही, पण तीव्र द्रावके आणि तापमान यांपुढे ते टेफ्लॉनइतके टिकत नाहीत. त्यामुळे पटल निवडताना आता चार गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात: दोन द्रवांच्या सीमेवरचा ताण, सर्वांत मोठ्या रंध्राचा व्यास, पदार्थाची सहनशक्ती आणि वापर संपल्यावर त्या पटलाची विल्हेवाट.